तात्या विंचू बाहुल्यात शिरला तेव्हा मी कुठं होतो

झपाटलेला किती वेळा बघितला असं कुणी विचारलं की मी बिनधास्त पंधरा-वीस वेळा म्हणून सांगतो. पण त्यातला जो मेन सीन आहे ना, गोळी लागलेला तात्या विंचू मरता मरता मंत्र म्हणतो अन् त्याचा आत्मा बाहुल्यात जातो, तेवढा एक सीन मी आजवर एकदाबी पूर्ण बघितलेला नाही. लोकांना पटत नाही. बायकोला तर वाटतं मी भिऊन डोळे झाकत असेन, अन् ती हे माहेरी सांगून आलीय.

पिच्चर 1993 चा, महेश कोठारेंचा. आमच्या औसा तालुक्यातल्या गावात पोचायला त्याला अजून एक गणपती लागला. मंडळानं वर्गणी काढून भाड्यानं कलर टीव्ही अन् व्हीसीआर आणला, रात्रभरात तीन पिच्चर. जोडणी आमच्या बापूकाकाकडं, कारण अख्ख्या गावात खिशाला टेस्टर लावून फिरणारा माणूस हा एकच. आता सगळं एका वायरीवर टाकलं की मारुतीच्या देवळातला फ्यूज उडायचा, म्हणून काकांनी डोकं लावलं, व्हीसीआर अन् मंडळाचा कर्णा देवळाच्या मीटरवर अन् टीव्ही एकटा पोलवरच्या आकड्यावर. (आकडा म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्यानं आमच्याकडं लग्नकार्याला येऊन बघावं.)

तर तात्या विंचूला गोळी लागली, आम्ही लेकरं पोत्यावर पुढं सरकलो, अन् वाऱ्यानं आकडा निसटला. टीव्ही गेला पण कर्णा चालू! गुडुप अंधार अन् देवळाच्या शिखरावरनं दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात मंत्र येतोय. म्हाताऱ्या बायांनी हात जोडले, एकीनं मारुतीरायाला नवस बोलून टाकला, अन् तेवढ्यात माझ्या मानेला काहीतरी केसाळ लागलं. ती बोकडाची दाढी होती हे मला सकाळी कळलं. त्या टायमाला मी जी उडी मारली ती थेट चुरमुऱ्याच्या सुशिल्याच्या पातेल्यात, माझ्यावर अजून दोघंतिघं पडले, जीव वाचवायला समोर जो हात आला त्याला मी कडकडून चावलो, अन् तो हात आमच्या गणिताच्या मास्तरांचा निघाला. पुढं वर्षभर मला गणितात जे मार्क पडले त्याचं कारण घरच्यांना कधीच कळलं नाही.

दहा-पंधरा मिनिटांनी कुणीतरी बांबूनं आकडा परत टाकला, टीव्ही लागला, तर बाहुला मस्त बडबडायला लागलेला. आम्ही काकांच्या मागं लागलो, काका आत्मा बाहुल्यात गेला म्हणजे कसा गेला? काकांनी आधी विडी पेटवली.

"आरं, ते कसंय, पाव्हणा घरात शिरतंय ना, तसं. शरीर म्हंजे चप्पल. चप्पल भाईर काढायची अन् आत जायाचं."

गीतेत देवानं शरीराला कपडे म्हणलंय, आमच्या काकांनी चप्पल केली. पण सांगितलं लई भारी. नाकातनं हिरवा धूर निघतो, मग तो धूर बाहुल्याच्या कानात जातो, मग बाहुल्याची एक भुवई वर होते. पुढची कितीतरी वर्षं काका हा सीन असा रंगवून सांगायचे की भावकीतल्या लग्नात जेवणं झाली की लेकरं त्यांच्याभवती गोळा व्हायची. त्यात दर सालाला थोडी भर पडायची. माझ्या लग्नापर्यंत धूर दोन रंगाचा झाला होता.

नंतर टीव्हीवर हा पिच्चर शंभरदा लागला असेल, पण आमचं नशीब लोडशेडिंगच्या खात्यावर. गोळी लागली की लाईट जाणार, लाईट आली की लक्ष्या ओरडत पळत असणार. एकदा येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, लाईट टिकली तर मीच टिकलो नाही. दुपारी शेतात भज्जी, उंडे अन् चार तांबे आंबील पोटात गेल्यावर माणूस संध्याकाळी पिच्चर बघू शकतो असं ज्याला वाटतं त्यानं आंबील पिली नाही. 2013 ला दुसरा भाग आला, थ्रीडी, तो मी थेटरात जाऊन चष्मा लावून अख्खा बघितला, म्हणजे बघा, गडी आत कसा गेला ते माहीत नाही अन् पुढचं सगळं पाठ.

बरं माझं कौतुक भुताचं नाही, त्या बाहुल्याचं आहे. हॉलिवूडच्या 1988 च्या चाइल्ड्स प्लेमधेपण मरणारा खुनी बाहुल्यात घुसतो, पण तो बाहुला लेकरांच्या खेळण्यातला. आपला तात्या बोलक्या बाहुल्यातला, रामदास पाध्येंनी केलेला, ज्यांच्या घरात अर्धवटराव नावाचा बोलका बाहुला बापाच्या काळापासून नांदतोय. खेड्यातल्या लेकराला लाकडी तोंडाचा बाहुला शिव्या देताना बघून जी भीती अन् जे हसू एकदमच येतं ते मला अजून दुसऱ्या कशात सापडलं नाही. मग हा सुरू कुठून होतो ते बघायची माझी हौस काय चुकीची आहे का?

सगळ्यात जवळ पोचलो ते 2016 ला. तेव्हा मी लातुरात भाड्यानं राहायचो. तो उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. त्या दुपारी लाईट होती, बायको माहेरी, मी लुंगी-बनियनवर पंख्याखाली, अन् पिच्चर लागलेला. तात्या विंचूला गोळी लागली. मी रिमोटसुद्धा लांब ठेवला, उगं हात लागायला नको. तात्यानं तोंड उघडलं अन् खालून आवाज आला, "टँकरऽऽ!"

आता सांगा, मंत्र ऐकावा का पाणी भरावं? मी दोन सेकंद विचार केला अन् त्या दोन सेकंदात माझा नंबर सतरावा गेला. दोन हातात दोन घागरी, काखेत कळशी, डोक्यावर टोपासारखं पातेलं, असा जिना उतरलो, म्हणजे अर्धा उतरलो, उरलेला अर्धा लुंगीच्या टोकावर पाय पडल्यामुळं आपोआप उतरला गेला. खाली काकू लोकांची पाईपवरून ओढाओढी चाललेली. "ओ भाऊ, तेवढा पाईप धरा की" म्हणून एकीनं माझ्या हातात दिला, अन् ड्रायव्हरनं नेमका तेव्हाच कॉक पूर्ण उघडला. त्या पाईपात नक्कीच कुणाचातरी आत्मा होता. तो फणा काढून आधी काकूंच्या तोंडावर गेला, मग वाळवणाच्या कुरडयांवर, अन् त्याला धरायच्या नादात मी शेजाऱ्यांच्या दोनशे लिटरच्या ड्रममधे बसलो, पाय वर. अख्खी गल्ली पाण्यासाठी रडतेय अन् मी दोनशे लिटरमधे डुंबतोय. मला बाहेर काढायच्या आधी त्यांनी ड्रममधलं पाणी किती सांडलं ते मोजलं.

मोबाईल आल्यावर बघायला काय झालं होतं म्हणाल. झालं काय नव्हतं, पण राहून गेलं. मागच्या महिन्यात बापूकाका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडं आले, डोळ्यावर काळा गॉगल, दर दोन तासाला थेंब टाकायचे, तेवढ्यासाठी मोबाईलला गजर. दुपारी करमंना झालं तर म्हणाले, "ते विंचवाचं लाव की." मी लावलं. मोबाईल गादीवर उशीला टेकवून ठेवला, दोघं पालथे पडलो. पोलीस आले, गोळी लागली.

"काका, आता तुमचा हिरवा धूर बघू."

काका कायच बोलंनात. मग गॉगल सारखा करत हळूच म्हणाले, "म्या बी नाही बघितलेलं रे."

"म्हणजे?"

"आरं त्या रातीला आकडा कोण टाकलालता? म्या पोलवर नव्हतो का."

तीस वर्षं! मी उठून बसलो, काहीतरी बोलणार तेवढ्यात थेंबाचा गजर वाजला, तो बंद करायला गेलो तर मोबाईल गादीवर पालथा पडला, अन् बायको आतून ओरडली, थेंब टाका आधी, डॉक्टरनी टाईम सांगितलाय. एका हातानं काकांची पापणी वर धरली, दुसऱ्या हातात बाटली, अन् गादीतनं मंत्र ऐकू यायला लागला.

"हलू नका काका."

"शिरला का रे?"

"शिरला."

"कसा?"

"चप्पल भाईर काढून."