गच्चीवरचा ऊन-सावलीचा तंटा

चैत्र सरून वैशाख लागला की पुण्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर दोन पक्ष पडतात. एका पक्षाला कडक ऊन हवे असते; त्यात सर्व मजल्यांवरच्या काकू, त्यांच्या कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचा कीस आणि कावळे हाकायला बसवलेली नातवंडे येतात. दुसऱ्या पक्षाला सावली आणि पाणी हवे असते. त्यात माझे गुलाब, टोमॅटो, दुधीचा वेल आणि एकटा मी येतो. बहुमत कोणाकडे आहे, हे सांगायला नकोच.

कुंड्यांवर निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधायची परवानगी मी मागितली, तेव्हा गुलाबाला भरपूर ऊन लागते हे माझेच हिवाळ्यातले वाक्य मला ऐकवण्यात आले. पारा 35 अंशांपलीकडे गेला की टोमॅटोचे फूल फळ न धरताच गळून पडते आणि गुलाबाच्या पाकळ्या कडेने करपतात, हे मी सविस्तर समजावले. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, मग फळच धरणार नसेल तर जाळी बांधून राखायचं तरी काय?" या प्रश्नाला माझ्याकडे अद्याप उत्तर नाही. अखेर जाळी मंजूर झाली, पण तिची सावली कुरडयांवर पडता कामा नये, या अटीवर. सूर्य माझ्या अखत्यारीत नसल्यामुळे दिवसभर जाळीच इकडून तिकडे बांधावी लागते.

औषधफवारणीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. गुलाबाची कळी पांढऱ्या कागदावर झटकली की स्वल्पविरामाएवढे पिवळसर जीव चालू लागतात, हे फुलकिडे. त्यांच्यासाठी मी लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवतो, फडक्यातून गाळतो आणि त्यात चिमूटभर साबणचुरा घालतो. या अर्काचा वास किड्यांना किती झोंबतो ते ठाऊक नाही, पण पापड्यांच्या मालकिणींना तो जिन्यातच लागतो. त्यामुळे वाळवण खाली गेल्याशिवाय पंपाला हात लावायचा नाही, असा ठराव झाला आहे.

वाळवण खाली जाते दिवेलागणीला, आणि नेमकी त्याच वेळी दुधीची पांढरी फुले उमलतात. उंच इमारतीवर पतंगांचा भरवसा नाही, म्हणून परागीभवन मीच करतो. लांब देठाचे नरफूल खुडायचे, त्याच्या पाकळ्या सोलायच्या आणि ज्या फुलाच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी असतो, त्याच्या मधोमध ते हलकेच फिरवायचे. हे करताना मागून एखादे नातवंड "आजोबा, हे काय करताय?" असे विचारते आणि त्याच्यामागे त्याची आजी उभी असते. मी दर वेळी "फूल पुसतोय" असे सांगतो, आणि आजी दर वेळी नातवाला घेऊन लगबगीने खाली जाते.

परवा भरदुपारी आभाळ दाटून आले. वळीव येणार म्हणून झाडांच्या वतीने मला झालेला आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही, कारण तोवर खालून "अहो, बघताय काय, उचला!" असा पुकारा झाला होता. कुरडया घातलेल्या जुन्या साडीची दोन टोके माझ्या हाती आली, दोन काकूंनी धरली, आणि वाऱ्याच्या एका झोतासरशी साडीचा काठ उत्तम कळ्या धरलेल्या गुलाबाच्या काट्यांत गच्च अडकला. थेंब पडू लागले. साडी फाडावी की फांदी छाटावी, यावर मी काही बोलण्याआधीच माझ्या खिशातला फांद्या छाटायचा सिकेटर काढून काकूंनी तो माझ्याच हातात दिला.