लॉट बदलला की छटा बदलते
तुमच्या लेखात चित्रकलेतून सुचलेल्या चेंबर संगीताची, म्हणजे मोजक्या वादकांच्या पाश्चात्त्य संगीताची, छान ओळख झाली, पण विणकाम राहूनच गेलं. मॉर्टन फेल्डमन या अमेरिकी संगीतकाराला तुर्की गालिच्यांचं वेड होतं. त्यांची लोकर थोडी थोडी रंगवतात, त्यामुळे एकाच लाल पट्ट्यात छटा किंचित हलते; त्याला 'अब्रॅश' म्हणतात. फेल्डमनने तेच सुरांत आणलं. १९८३च्या 'क्रिपल्ड सिमेट्री' या रचनेत फ्लूट, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य), पियानो हाताळणारे तिघेच, आणि वाजवतात सुमारे दीड तास! नक्षी परत परत येते, पण जराशी बदलून. शिवाय तिघांचे भाग एकमेकांना बांधलेले नाहीत, जो तो आपल्या चालीने पुढे.

सोलापुरात पूर्व भागात वडिलांचे यंत्रमाग होते. चादरीच्या सुताचा लॉट, म्हणजे एकदम रंगवलेली खेप, बदलून छटा सरकली की व्यापारी माल परत पाठवायचा, मग घरात दोन दिवस कुणी बोलायचं नाही. इथे त्याच फरकाला दाद! खरं सांगतो, पहिली वीस मिनिटं जड गेली, मग फरक हेरायचा नाद लागला. रात्री हेडफोन लावूनच ऐका, फार हळू आवाजात वाजवतात. शेजारी माग चालू असेल तर काही खरं नाही.