नाव पटावर आहे, लेकरू कुठे आहे?

परवा आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद झाली. विषय होता समावेशित शिक्षण, म्हणजे दिव्यांग आणि मागे राहणारी मुलं सगळ्यांसोबत एकाच वर्गात शिकणं. पडद्यावर व्याख्या आली, दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आला, २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची यादी आली. शेजारी बसलेल्या एका नव्या शिक्षकाने, नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेल्या पोराने, हळूच विचारलं, "मॅडम, तुमच्या वेळेला पण असंच सारखं नवीन नवीन यायचं का?" चहाच्या सुट्टीत सांगते म्हणाले. पण ते चहाच्या सुट्टीत मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

मी २००१ साली शिक्षणसेवक म्हणून लागले. महिना ३,००० रुपये मानधन, बालाघाटच्या डोंगरातली दोन खोल्यांची शाळा, चार वर्ग आणि आम्ही दोघं शिक्षक. सर्व शिक्षा अभियान तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. तेव्हापासून जे जे आलं ते सगळं माझ्या हातून गेलं आहे. त्यातलं बरंचसं चांगल्या मनाने आलं होतं, हे आधीच सांगते. या बदलांना नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण एकेक बदल आठवताना त्यासोबत मला एकेक लेकरू आठवतं, आणि तिथे मी अडते.

पहिली आठवते ती तिसरीतली एक मुलगी. फळ्यावरचं कधीच उतरवून घ्यायची नाही, शेजारणीच्या पाटीत डोकं घालायची. मी रागावले, दोनदा जागा बदलली, "बघून लिहितेस" म्हणून सगळ्यांसमोर बोलले. हजेरी मात्र तिची वर्गात सगळ्यात चांगली. पावसाळ्यात एकदा लाइट गेली, वर्गात अंधार झाला. ती पुस्तक घेऊन दाराशी जाऊन बसली. पुस्तक नाकाला टेकलेलं, आणि पान नाकासमोरून हळूहळू सरकवत ती धडा वाचत होती. अडखळत, पण वाचत होती. मी दारात उभी राहून बघत राहिले. या लेकराला फळा दिसतच नाही, हे दोन वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पुढे तपासणी शिबिरात अल्पदृष्टी असल्याचं कळलं, पुढच्या वर्षी मोठ्या अक्षरांची पुस्तकं आली. पण पुस्तकं यायच्या आधी आम्ही तीन कामं केली होती. तिची बस्करपट्टी फळ्याला लागून टाकली. फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मी मोठ्याने म्हणत लिहू लागले. आणि रंग उडून राखाडी झालेला फळा गावातल्या पेंटरकडून काळाकुळीत करून घेतला. त्या फळ्याचा फायदा तिला तर झालाच, पण मागे बसणारी तीन-चार मुलंही एकदम नीट उतरवून घ्यायला लागली. त्यांना मी तोवर 'लक्ष नसतं' या खात्यात टाकलं होतं.

२०१० साली दोन गोष्टी लागोपाठ आल्या. एप्रिलमध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि ऑगस्टमध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला. नापास करायचं नाही, पण वर्षभर मुलाकडे बघत राहायचं, कुठे अडतंय ते लिहून ठेवायचं, तिथे मदत करायची. सगळ्यांना बरोबर घेऊन चालणाऱ्या शाळेसाठी याच्याइतकी चांगली कल्पना माझ्या नोकरीत दुसरी आली नाही. पण झालं काय, तर मुलागणिक वर्णनात्मक नोंदी लिहायच्या ठरल्या आणि वर्षभरात बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. "उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो." "शुद्धलेखनाकडे लक्ष देणे गरजेचे." मीही त्या पुस्तकातून उतरवल्या आहेत. मार्च महिन्यात चार वर्गांच्या, सगळ्या विषयांच्या, रात्री बारापर्यंत बसून. ज्या नोंदीमुळे मूल दिसायला हवं होतं, तीच नोंद एका साच्यातून निघून चाळीस मुलांच्या नावापुढे जाऊन बसली. मग गावात लोक म्हणायला लागले, परीक्षा गेल्या आणि पोरं ढकलत वर चालली. कायद्यात मूल्यमापन नको असं कुठेही म्हटलं नव्हतं. २०१९ मध्ये कायदा बदलला, पुढे राज्यात पाचवी-आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. नापास होण्याची भीती काढली आणि परत आणली, पण मधल्या वर्षांत अडलेल्या मुलाशेजारी रोज अर्धा तास बसणारं माणूस काही कुणी दिलं नाही. हे मला आजही लागतं.

नंतर २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा राज्याचा कार्यक्रम आला. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. मीही गेले आणि भारावून परत आले. मुलं गोलात बसून, साहित्य हाताळून, एकमेकांना विचारून शिकत होती. आम्ही लोकवर्गणी काढली, फरशीवर मुळाक्षरं, संख्यारेषा, शब्दांचे डबे रंगवले. फोटो फार छान आले. त्या वर्षी पहिलीत सेरेब्रल पाल्सी असलेला, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसलेला एक मुलगा होता. आजी कडेवर घेऊन यायची. त्याला खाली बसलं की तोल सांभाळता यायचा नाही, भिंतीला टेकवून, पाठीशी दोन उशा लावून बसवावं लागायचं. आणि आमचं सगळं शिक्षण आता फरशीवर उतरलं होतं! बाकीची मुलं संख्यारेषेवर उड्या मारायची, तो भिंतीशी बसून बघायचा. उपाय शेवटी मुलांनीच काढला. चौथीच्या पोरांनी आकड्यांच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडून दोरी ओवली आणि ती त्याच्यासमोर, त्याचा हात पोचेल अशी, खिडकीच्या गजाला बांधली. तो एकेक पुठ्ठा सरकवत मोजायचा. महिन्याभरात अर्धा वर्ग त्या दोरीवरच मोजायला लागला.

त्याच शाळेत उतार होता, म्हणजे रॅम्प. व्हरांड्यापर्यंत बांधलेला, कठडा लावलेला, तपासणीत टिकमार्क मिळालेला. स्वच्छतागृहाकडे जायला मात्र चार पायऱ्या. नियम सांगतो, एक फूट चढायचं तर उतार निदान बारा फूट लांब हवा. आमचा होता पाच-सहा फुटांचा. तो मुलगा शाळेत असताना पाणी प्यायचा नाही. ते आजीने सांगितलं तेव्हा कळलं.

आता आमच्या जिल्ह्याचं दुखणं. दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणारी एक जोडी, आणि सोबत लेकरं. मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. आधी साखरशाळा होत्या, म्हणजे या मुलांसाठी साखर कारखान्यांजवळ भरणाऱ्या शाळा. लेकरू तिकडच्या शाळेत जायचं, इकडे त्याचं नाव असायचं, आणि परत आलं की तिकडे काय शिकलं हे इकडे कुणाला ठाऊक नसायचं. शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांनी जिथे जातील तिथल्या नियमित शाळेत बसावं असं ठरलं, बहुतेक साखरशाळा बंद होत गेल्या. मग शिक्षण हमी पत्रक आलं, म्हणजे मूल कुठल्या वर्गात आहे, कुठवर शिकलं आहे हे लिहिलेला कागद, जो त्याने नव्या शाळेत दाखवायचा. कागद चांगलाच होता. पण फडापासून शाळा तीन किलोमीटर आणि पहाटे चारला आई-बाप तोडीला गेलेले, मग तो कागद घेऊन लेकराला शाळेत नेणार कोण?

एका आईला मी समजावत होते, पोरीला आजीपाशी ठेवून जा, गावात हंगामी वसतिगृह आहे, जेवणाची सोय आहे. ती म्हणाली, "मॅडम, हिला ठिवून गेले तर ल्हान्याला फडात कोण बघंल?" पोरगी पाचवीत, ल्हाना दीड वर्षाचा. तिच्या त्या एका वाक्यापुढे माझं सगळं प्रशिक्षण थांबलं. पोरगी शिक्षणाला नको म्हणत नव्हती, आईही नको म्हणत नव्हती. आड आलेलं होतं ते दीड वर्षाचं बाळ.

आणि हा पेच नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम करत होत्या, तेव्हा वारली मुलींच्या कडेवर हेच बाळ होतं. त्यांनी पालकांना व्याख्यान दिलं नाही. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. विकासवाडी म्हणतात ती हीच. पाड्यावरची लहान मुलं बालवाडीपर्यंत येईनात तर बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणारी पोरं येईनात तर कुरणात शाळा भरवली. कुरणशाळा! पुढे १९७५ मध्ये देशभर बालविकासाची योजना आली तेव्हा अंगणवाडी हा शब्द सगळीकडे गेला. आज गावोगावी अंगणवाडी आहे. पण फडावर, जिथे ते दीड वर्षाचं बाळ आहे, तिथे ती वेळेवर पोचत नाही.

शाहू महाराजांचं उदाहरण आम्ही दर जयंतीला सांगतो, १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. भाषणात सहसा न येणारी बाजू अशी की कोल्हापुरात वसतिगृहं १९०१ पासूनच उभी राहू लागली होती. खेड्यातल्या पोराला राहायला-खायला जागा आधी, सक्ती नंतर. आणि १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सगळ्यांच्या शाळेत घ्यायला लावली. त्याच वर्षी भाऊराव पाटलांनी काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका चुलीवरचं जेवली. ती चूल पेटती राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. समावेशित शिक्षणाच्या प्रशिक्षणात मला ही चूल कुणी सांगितली नाही. सांगायला हवी. कारण सगळ्या जातींची पोरं एका वर्गात बसली तरी ताटं वेगळी असती, तर तो वर्ग एक झाला नसता.

आजचं काय? सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला दर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, उच्च प्राथमिकला दर पंधरांमागे एक. आमच्याकडे येतात त्या ताई कितीतरी शाळा फिरतात. कंत्राटावर वर्षानुवर्षं काम केलेली ही माणसं, स्वतःच्या गाडीत पेट्रोल टाकून डोंगरातल्या शाळेत येतात. आल्या की तासभर त्या मुलासोबत बसतात, मला दोन गोष्टी शिकवतात आणि पुढच्या शाळेला निघतात. त्या तासाभरात जे होतं ते बघून मी ठामपणे सांगते, पुढचा कुठलाही नवा उपक्रम आणण्याआधी ही पदं कायम भरा. टॅब नंतर द्या. भिंती नंतर रंगवा.

आणि विशेष शिक्षक आले म्हणजे माझी जबाबदारी संपली असंही नाही. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, २०१६ च्या कायद्यात अध्ययन अक्षमताही, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अडचणही, आली. शहरात मुलाला वाचायला जड जातं म्हटलं की पालक तपासणी करून घेतात, प्रमाणपत्र मिळतं, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. आमच्या गावात तेच मूल 'ढ' ठरतं आणि सातवी-आठवीत शाळा सोडून कोयता धरतं. अशी किती मुलं माझ्याच वर्गातून गेली असतील, हा विचार मला झोपू देत नाही.

त्या नव्या शिक्षकाला मी एवढंच सुचवेन. नवीन परिपत्रक आलं की आधी वर्गातलं सगळ्यात मागे राहणारं लेकरू डोळ्यांसमोर आण आणि विचार, याला नेमकं काय आडवं येतंय? फळा, पायरी, भाषा, भूक, बाळ? मग ते परिपत्रक ती वस्तू हलवतं का बघ. हलवत असेल तर जीव ओतून राबव. नसेल तर तू स्वतः हलव, गावाला बरोबर घे.

या वर्षीचं सांगते. आमच्या गावातून दिवाळीनंतर जाणाऱ्या घरांतली २३ मुलं शाळेत आहेत. त्यातल्या सहा मुलींच्या कडेवर दोन वर्षांच्या आतली भावंडं आहेत. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव आम्ही दसऱ्याच्या आधीच पाठवतो आहोत, कारण मागच्या वेळी मंजुरी आली तोवर निम्म्या टोळ्या निघून गेल्या होत्या. व्यवस्थापन समितीच्या मागच्या बैठकीत त्या सहा बाळांचा विषय काढला. अंगणवाडी ताई म्हणाल्या, आयांनी ठेवायची तयारी दाखवली तर दिवसा मी सांभाळते, पण रात्रीचं काय? दोन आज्या हात वर करून उठल्या. बाकी चार बाळांचं अजून ठरायचं आहे. कुणाच्या गावात यावर काही सोय झाली असेल तर कृपया खाली लिहा, मी फोन करते. रविवारी आम्ही पुन्हा बसतो आहोत.