शिन्याची बायको घरीच असते

वाद पेटला तो एका शब्दावरून. शब्द होता ‘घरीच’.

सोलापूरच्या साखर पेठेत एका बंद दुकानाच्या पायरीवर आमचा कट्टा आहे. समोर मुश्ताकभाईंची चहाची गाडी. बुधवार, सकाळचे साडेअकरा. शिन्या आला, पायरीवरची धूळ फुंकून बसला आणि म्हणाला, “काल घरी सरकारी माणूस आलता बे, टॅब घेऊन. कोण काय करतंय, कधीपासून करतंय, सगळं खोदून खोदून विचारलं.”

“पीएलएफएसवाला असणार,” मास्तर म्हणाले. मास्तर ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. आकड्याचा वास आला की त्यांना तरतरी येते. “सरकारची कामधंद्याची पाहणी ती. देशात बेकारी किती, हे त्यातनंच ठरतं. मग काय सांगितलंस?”

“काय सांगायचंय. मी लूमवर, पोरगा कॉलेजात, आई विड्या वळते, बायको घरीच.”

इरण्णाचा कप तोंडाजवळ थांबला. “घरीच? परवा तुझ्याकडं आलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसून चहा पिलो मी.”

“ते होय? कडा शिवती ती. फावल्या वेळात.”

“फावल्या वेळात! रात्री अकराला मी रिक्षा लावायला येतो तर तुझ्या खिडकीतनं मशीनचा आवाज असतो. गप की बे.”

मग कळलं की टॅबवाल्यानंही तेच पकडलं होतं. जायच्या आधी त्यानं गठ्ठ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे टॉवेल कोणाचे? शिन्या म्हणाला, कारखान्यातनं येतात, डझनावर पैसे मिळतात. रोज किती वेळ? दोनेक तास, असं शिन्यानं ठोकून दिलं. बायको आत भाकऱ्या थापत होती. तिला हाक मारावी हे ना याला सुचलं, ना त्या माणसाला.

“तरी त्यानं विचारलं म्हणून ती वाचली,” मास्तर म्हणाले. “वर्षातले तीस दिवस जरी असं काम केलं तरी माणूस कामातलाच धरतात. मुख्य काम नाही तर दुय्यम. आणि आठवड्याचा हिशेब लावतात तेव्हा तर सात दिवसांत एक तास पुरतो.”

“एक तास? म्हणजे शिन्यापण कामावरच की!”

शिन्या टॉवेलच्या कारखान्यात आहे. बारा तासांची पाळी. पण दिवाळीपासून मालकाकडे माल पडून आहे आणि लूम आठवड्यातले तीनच दिवस चालतात. म्हणजे तीन दिवस पगार आणि चार दिवस ही पायरी. इरण्णा रिक्षा चालवतो, म्हणजे कामात. मी एका कर सल्लागाराकडे जीएसटीची रिटर्न भरतो, मीही कामात. मास्तर निवृत्त, ते मोजणीच्या बाहेर.

“वा,” इरण्णा म्हणाला, “बुधवारी कामाच्या वेळी चार गडी पायरीवर बसलेत आणि सरकारदरबारी एकही बेकार नाही.”

तासाचा नियम आपल्याच सरकारनं काढलेली पळवाट आहे असं कोणाला वाटेल, पण तसं नाही. जगभर हाच नियम आहे. फक्त जिथं बहुतेकांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो तिथं तो बरा चालतो. आमच्या पूर्व भागात, जिथं काम डझनावर, हजारावर आणि मालकाच्या मर्जीवर, तिथं त्यातनं फारसं काही कळत नाही.

मास्तरांनी खिशातली डायरी काढलीच. आता बेकारीचा आकडा दर महिन्याला येतो, पण मास्तरांचा भरवसा वार्षिक आकड्यावर. २०२३-२४ सालचं पान उघडून ते म्हणाले, “पुरुषांची बेकारी ३.२ टक्के. बायकांची किती असेल?”

“दुप्पट,” मी म्हणालो.

“३.२.”

“झाली की समानता!” शिन्याला सुटल्यासारखं झालं.

“थांब. ३.२ कोणाच्या शंभरातले? जे काम करतात, शोधतात किंवा मिळालं तर करायला तयार असतात त्यांच्या. जो शोधतही नाही आणि तयारही नाही तो बेकार नाही, तो रांगेतच नाही. पंधरा वर्षांवरच्या शंभर पुरुषांतले ७८.८ रांगेत आहेत. बायकांतल्या ४१.७. शहरातल्या बायका घेतल्या तर शंभरातल्या २८. आणि शहरात जी बाई रांगेत उभी राहते तिची बेकारी ६.७ टक्के, पुरुषाची ४.४.”

म्हणजे बरोबरी झाली ती खेड्यामुळं. खेड्यात कामकरी बायकांतल्या चारातल्या तीन शेतीत आहेत, आणि शेतात कोणी बेकार नसतो. अक्कलकोट तालुक्यात माझ्या चुलत्याची दोन एकर जमीन आहे. खुरपायला चौघं जातात, काम दोघांचं असतं. चौघंही संध्याकाळी दमून येतात आणि कागदावर चौघंही रोजगारात. मिल बंद पडते तशी शेती एका दिवसात बंद पडत नाही, म्हणून तिथली बेकारी कोणाला दिसत नाही.

मास्तर म्हणाले, तरी सुधारणा बघा, बायकांचा हाच ४१.७चा आकडा २०१७-१८ला २३.३ होता. यावर माझं आणि त्यांचं जुंपलं. सहा वर्षांत एवढ्या बायकांना नोकऱ्या दिल्या कोणी? सोलापुरात तर मला दिसल्या नाहीत. शेवटी मास्तरांनीच कबूल केलं की कामकरी बायकांतल्या एक तृतीयांशाहून जास्त घरच्याच धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. नवरा जेवायला गेला की किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी, तीसुद्धा यातच आली. काही आकडा खरंच वाढला असेल. काही मात्र ‘हे टॉवेल कोणाचे’ असं आता विचारतात म्हणून वाढला असेल, असं माझं मत. मास्तरांना ते पटलं नाही.

“बेकारी म्हणजे काय ते आमच्या घरात विचारा,” इरण्णा मध्येच म्हणाला. “वडलांची मिल बंद पडली तेव्हा मी आठवीत. सहा महिने माणूस डबा घेऊन गेटपर्यंत जायचा आणि परत यायचा. गल्लीत ज्याला त्याला विचारायचं असायचं, काय झालं हो मिलचं? मोर्चे, सभा, रोज पेपरात फोटो. शेवटी एका सोसायटीत वॉचमन झाले.”

सोलापूरला गिरण्या बंद होण्याची सवय जुनी आहे. १८७०च्या दशकात सुरू झालेली जुनी गिरणी साठीच्या दशकात थांबली, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत बाकीच्याही एकेक करत गेल्या. भोंग्यावर घड्याळ लावणारं गाव हे. दर वेळी शहर हळहळलं, आणि ते बरोबरच होतं.

“आणि त्या सहा महिन्यांत घर कोणी चालवलं?” शिन्यानं विचारलं. “तुझ्या आईनं. पहाटे चारला चूल पेटायची तुमची. खानावळीला कडक भाकऱ्या जायच्या तुमच्याकडनं, दोनदोनशे. मीच सायकलवर पोचवायचो.”

इरण्णा गप्प झाला. मग म्हणाला, “मान्य. पण ‘बायको घरीच’ म्हणणारा तूच ना?”

शिन्यानं उत्तर दिलं नाही. चहा सांगितला.

त्याच्या आईला मी लहानपणापासून बघतोय. उंबऱ्याशी बसणार, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूट टाकायची, वळायचं, टोक नखानं दुमडायचं, दोरा बांधायचा. बोलणं तेलुगूत चालू, हाताकडे लक्ष नाही. असं हजार वेळा केलं की दिवस भरला. मग विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये जाऊन माल द्यायचा. तिथं खराब म्हणून विड्या छाटून काढल्या की तेवढ्या गेल्या. तिचं लग्न ठरताना सासरच्यांनी विचारलं होतं, पोरगी दिवसाला हजार वळते का?

१९६६ला विडी कामगारांसाठी कायदा झाला, तिच्याकडे कार्ड आहे, फंड कापला जातो. कागदावर ती पक्की कामगार. २०१७ला जीएसटी आला आणि विडीवर २८ टक्के लागला, तो मी माझ्या हातानं रिटर्नमध्ये भरलाय. विडी ओढणारेही उतरणीला लागलेत. तंबाखू वाईट, विडी बंद व्हावी असं मलाही वाटतं, आणि हे म्हणताना मला शिन्याच्या आईच्या तोंडाकडे बघवत नाही.

“आता ब्रँच निम्मीच पानं देते,” शिन्या म्हणाला.

“मग आई निम्मी बेकार झाली की.”

“छे. बेकार कशाला? ती म्हणते, आता जरा आराम आहे.”

लूमवर पुरुष आणि विडीला बाई, ही वाटणी काही देवानं केलेली नाही. गिरण्यांत सूत गुंडाळायच्या खात्यांत बायका असायच्या. नवी यंत्रं आली तशी तीच खाती आधी आटली. १९४८च्या फॅक्टरी कायद्यानं बायकांना रात्री सातनंतर कारखान्यात ठेवायला मनाई केली. हेतू चांगला होता, पण लूम रात्रंदिवस चालतं. मग मालकानं सोयीचं केलं. मशीन गड्याला दिलं आणि कडा, गाठी, घड्या बाईच्या घरी पाठवल्या. भाडं नाही, वीजबिल नाही, हजेरीपट नाही. मालाला उठाव नसला की गडी कामावरनं कमी होतो आणि बाईच्या घरी फक्त गठ्ठा येत नाही.

मास्तरांनी इथं क्लॉडिया गोल्डिन यांना आणलं. २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या बाई. शेतीतनं कारखान्याकडे जाताना बायकांचा कामातला वाटा घसरतो आणि शिक्षण, ऑफिसची कामं वाढली की परत चढतो, इंग्रजी ‘यू’सारखा. इरण्णानं विचारलं, “तो यू सोलापुरात कुठवर आलाय?” मास्तर म्हणाले, “तळाला.”

इतका वेळ मुश्ताकभाई कप विसळत होते. पाठमोरेच म्हणाले, “मास्तर, आमची थोरली कशात धरायची?”

थोरलीचं बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली. टॅली शिकली. पुण्यात एक काम मिळत होतं, मुश्ताकभाईंनी एकटी पाठवली नाही. इथं मिळतं त्या पगारात रिक्षाचं भाडंही सुटत नाही. आमची पोरं इंटरसिटीत बसून हडपसर-हिंजवडीला जातात. पोरींचं तिकीट काढायच्या आधी घरात बैठक बसते.

“ती काम शोधते का?” मास्तरांनी विचारलं.

“आधी रोज मोबाइलवर अर्ज टाकायची. आता महिनाभर काही दिसलं नाही.”

“शोधत होती तोवर बेकार. सोडलं असेल आणि आता मिळालं तरी नको म्हणत असेल तर बेकार नाही.”

“म्हणजे पोरीनं हात टेकले की तुमचा आकडा सुधारतो?”

मास्तरांनी डायरी मिटली. त्यातच पुढं लिहिलं होतं की पंधरा ते एकोणतीस वयात मुलींची बेकारी ११ टक्के आणि मुलांची ९.८. ते त्यांनी नंतर मला सांगितलं, मुश्ताकभाईंना नाही.

“माझा पुतण्या इंजिनियर होऊन घरी आहे,” इरण्णा म्हणाला. “दिवसभर कंबर तलावाच्या कठड्यावर असतो. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे तो बेकार आहे. भाईंची पोरगी दोन वर्षं रिकामी आहे हे मला आज कळलं, आणि मी रोज इथं चहा पितो.”

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मास्तर शिन्याला म्हणाले, “तो माणूस परत येईल. चार महिने लागोपाठ येतात. पुढच्या वेळी तिला बोलू दे.”

“देतो की.” शिन्यानं तिथंच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे मशीन चालू होती. तेलुगूत त्यानं सगळं सांगितलं. टॅबवाला परत येणार आहे, किती तास काम करतेस ते तू सांग. पलीकडनं उत्तर आलं ते आम्हाला शिन्यानंच मराठीत सांगितलं, जरा वरमून, “म्हणते, काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. पाच डझन राहिलेत, दोनला टेम्पो येतो.”

फोन बंद झाला होता.

“डझनाला किती वेळ लागतो रे?” मास्तरांनी विचारलं.

शिन्या टॉवेलच्या धंद्यात बावीस वर्षं आहे. त्यानं डोकं खाजवलं.