“आमी बाजूक रवाचा?”

एक्केचाळीस मिनिटं. घड्याळात बघून मोजलेली. आज संध्याकाळी कोकणातल्या एका छोट्या स्टेशनात पॅसेंजर सायडिंगला उभी होती. स्टेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या मास्तरांची काडीची चूक नव्हती. पंखे बंद पडलेले, डबा तापलेला. समोरच्या बाकावर एक आजी, मांडीवर पिशवी, पिशवीतल्या डब्यात फणसाचे गरे. पंचविसाव्या मिनिटाला तिनं खिडकीतून फलाटावर फेऱ्या मारणाऱ्या गार्डला हाक मारली.

“काय रे झिला, गाडी कित्याक थांबली?”
“क्रॉसिंग आसा गे आये.”
“मगाशी एक गेली मां?”
“आता मागसून येतली ती जाऊक व्हयी.”
“म्हणजे आमी बाजूक रवाचा आणि ती मधसून जातली?”

गार्ड हसला, डबाही हसला. पण आजीनं एका वाक्यात जे सांगितलं ते आपल्या शिकल्यासवरल्या, नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवला की टाळ्या पिटणाऱ्या मंडळींना अजून कळलेलं नाही.

एकेरी मार्गाचं गणित सांगतो. दोन स्टेशनांमधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी, कुठल्याही दिशेची. मागचं स्टेशन ‘अ’, आपण उभे ते ‘ब’, पुढचं ‘क’. मधली अंतरं अकरा-अकरा किलोमीटर धरा. ताशी ८० ने एक टप्पा आठ मिनिटांचा. पॅसेंजर ‘ब’च्या लूपवर, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, गेली. आता समोरून येणारी गाडी ‘क’हून ‘ब’ला येणार : आठ मिनिटं. ‘ब’ला दोनच मार्गिका. एकीवर पॅसेंजर, दुसरीवरून ही जाणार. म्हणजे मागून येणाऱ्या सुसाट गाडीला ‘ब’ला जागाच नाही, ती ‘अ’ला थांबणार आणि समोरची ‘अ’ला पोचल्यावरच सुटणार : आणखी आठ. मग सुसाट ‘अ’ ते ‘ब’ आठ, ‘ब’ ते ‘क’ आठ. ती ‘क’ला पोचली, तिकडून लाइन क्लिअर, म्हणजे ‘रूळ मोकळा, गाडी सोडा’ असा होकार मिळाला, की मग पॅसेंजरला स्टार्टर, म्हणजे सुटायचा सिग्नल, मिळणार. चार आठे बत्तीस, आणि दर वेळी पॉइंट, म्हणजे रुळांचे सांधे, फिरवून रूट लावायची, लाइन क्लिअर घ्यायची दोन-दोन मिनिटं. झाली चाळीस. एक मिनिट आजीच्या नावावर.

यात कुणीही कामचुकारपणा केलेला नाही. सगळे नियमानं वागले तरी एवढा वेळ जातो. आणि समोरची गाडी दहा मिनिटं लेट असली, तर ती दहा मिनिटंही लूपवरच्या गाडीच्या खात्यात जमा. त्यातच एखाद्या स्टेशनच्या लूपवर मालगाडी लावून ठेवलेली असली की तिथं क्रॉसिंग होतच नाही, ते अलीकडच्या किंवा पलीकडच्या स्टेशनात ढकलावं लागतं. मग आठाचे सोळा.

ही आपली कोकण रेल्वे : रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर. पूर्ण मार्गावर प्रवासी गाड्या धावू लागल्या १९९८ साली. दुहेरी झालाय फक्त रोहा ते वीर, सत्तेचाळीस किलोमीटरच्या आसपास, तोही २०२१ मध्ये. विजेच्या तारा मात्र २०२२ पर्यंत सगळीकडे पोचल्या. चांगलंच आहे. पण इंजिन विजेचं असो नाहीतर डिझेलचं, लूपवर उभं असताना दोन्हींचा वेग शून्यच!

आता “दुहेरीकरण सोपं नाही हो” म्हणणारे येतील. नाही सोपं, मान्य. उक्षी आणि भोक्याच्या मधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा, रत्नागिरीजवळचा पानवल पूल ६४ मीटर उंच. शेजारी दुसरा काढायचा म्हणजे खायचं काम नाही. आणि हो, इंदापूर, कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण, आचिर्णे अशी नवी क्रॉसिंग स्टेशनं झाली हेही मान्य. दोन स्टेशनांच्या मधोमध एक स्टेशन आलं की आठाचे चार होतात. ज्यांनी केलं त्यांना हात जोडून नमस्कार. पण वाचवलेली मिनिटं दिली कुणाला? नव्या गाड्यांना. पॅसेंजर होती तिथंच, बाजूक.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते पुढच्या गोष्टीनं. बोगदा न खणता, पूल न बांधता आजीची चाळीस मिनिटं निम्मी करता येतात. ‘ब’ स्टेशनात तिसरी मार्गिका टाका. मग समोरची आणि मागची, दोन्ही गाड्या एकाच सुमाराला ‘ब’ला येतील, समोरची ‘अ’कडे जाईल, सुसाट पुढे ‘क’कडे सुटेल, आणि दहा मिनिटांत पॅसेंजर मोकळी. हिशेब करा, वीस-बावीस मिनिटांत काम होतं. पूर्ण दुहेरी मार्ग असला तरी मागच्या गाडीला पुढे काढायला सोळा-अठरा मिनिटं लागतातच.

मग अडतं कुठे? तिसऱ्या मार्गिकेवर यायचं तर सुसाट गाडीला वेग उतरवून ताशी १५ किंवा ३० ने लूपवर यावं लागतं, थांबावं लागतं. तिची पाच-सहा मिनिटं जातात. आणि तेच आपल्याला नको असतं! एसी डब्यातल्या पाचशे माणसांची पाच मिनिटं गेली की बातमी होते. पॅसेंजरमधल्या हजारांची चाळीस गेली तर ‘क्रॉसिंग आसा गे आये’.

वंदे भारतला माझा विरोध नाही, हे लिहून ठेवतो, नाहीतर कमेंटमध्ये देशद्रोहापर्यंत जाल. उलट तिच्यावरूनच मुद्दा कळतो. २०२३ मध्ये मुंबई–मडगाव सुरू झाली, एरवी सुमारे पावणेआठ तास, आठवड्यातून सहा दिवस. पावसाळी वेळापत्रक लागलं की वेग उतरतात, जोराच्या पावसात पुढचं दिसेनासं झालं तर ताशी ४० च. तिचेच दहा तास होतात. एरवी एकच रेक, म्हणजे डब्यांचा एकच संच, सकाळी जाऊन रात्री परत येतो. दहा-दहा तासांत ते बसत नाही, म्हणून आज जाणं, उद्या येणं, आणि गाडी आठवड्यातून तीनच दिवस. म्हणजे दोन-सव्वादोन तास वाढले की अर्ध्या फेऱ्या गेल्या. एवढ्या लाडक्या गाडीची ही गत, तर पॅसेंजरला कोण विचारतो?

रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरहून सुटायची. कोविडनंतर दिव्याहून सुटते. डोक्यावर बोचकं, हातात पोर घेऊन गर्दीच्या लोकलनं दिव्यापर्यंत जाऊन बघा एकदा. ‘मग एसटीनं जा’ म्हणणाऱ्यांनी आधी २०११ पासून चाललेलं मुंबई–गोवा महामार्गाचं काम कधी संपतं ते सांगावं.

आणि पावसाळ्यात एकेरी मार्गाचं दुसरं दुखणं. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात चिखलपाणी शिरलं, गाड्या मिरज–लोंढा मार्गे फिरवल्या. त्याच आठवड्यात दिवाणखवटीजवळ दरड आली, पुन्हा सगळं ठप्प. दुहेरी असता तरी दरड आली असतीच, दोन्ही रूळ गेले असते असंही होऊ शकतं, ठीक आहे. पण एकच रूळ असला की अंदाज करायलाही काही उरत नाही.

महाराष्ट्रानं २०२५ मध्ये कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला होकार दिला, आता बजेटमधून पैसे येतील म्हणे. येऊ देत. पहिल्या पैशातून तिसऱ्या मार्गिका टाका. झेंडे नंतर.

खूप तापून लिहिलं. खरं तर तापायला आजी अजिबात तयार नव्हती. तिसाव्या मिनिटाला तिनं डबा उघडला आणि गरे वाटायला सुरुवात केली. “खावा रे, आता काय घरापर्यंत टिकाचे नाय.” समोरच्या कॉलेजच्या पोरानं आठ खाल्ले. सुसाट गाडी गेली तेव्हा खिडक्या थरथरल्या, काचांमागे कुणी दिसलं नाही, आणि डब्याच्या तळाशी दोन गरे उरले होते.

तिचं स्टेशन आलं तेव्हा अंधार पडत होता. गावची वस्तीची एसटी वीस मिनिटांपूर्वी निघून गेलेली. एकच रिक्षा उभी होती, त्यानं ‘स्पेशल’चे अडीचशे सांगितलेले खिडकीपर्यंत ऐकू आले. आमची गाडी हलली तेव्हा आजी पिशवी काखेत मारून फाट्याच्या दिशेनं चालायला लागली होती.