‘शाई फासली की गूढ वाटतं’ म्हणणाऱ्या वाचकांना

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाईट वाटलं. ओदिलों रदों या फ्रेंच चित्रकाराच्या शिळाछापांवरच्या, म्हणजे दगडावरून छापलेल्या लिथो चित्रांवरच्या, माझ्या लेखातली चूक तुम्ही दाखवलीत, ती खरी. त्याचा पहिला संच 1879 चा, मी 1882 लिहून बसले होते. दुरुस्त केलंय, आभार. पण तेवढ्यासाठी मला ‘अभ्यास न करता पानं भरणारी’ म्हणायची काय गरज होती? चूक साध्या शब्दांतही सांगता येते.

लेख लांबला, फ्रेंच नावं फार झाली, असेल बुवा. त्यात मी शिरत नाही. मात्र एका वाक्यावर गप्प बसवत नाही: “शिळेवर काळी शाई फासली की कुठलंही चित्र गूढ वाटतं.”

फासली? मी तीन वर्षं लिथोच्या शिळा घासल्यात. चुनखडीचा जड दगड, वर वाळू आणि पाणी, तासन्‌तास गोल गोल हात. मग चरबीच्या खडूनं रेखाटन, गोंद, थेंबाथेंबानं आम्ल. दगड ओला ठेवून रूळ फिरवला की शाई फक्त त्या तेलकट खुणांनाच धरते. एकदा माझ्या हातून आम्ल जास्त पडलं आणि महिनाभर जमवलेल्या करड्या छटा उडून गेल्या. उरला नुसता सपाट काळा रंग. शाई भरपूर होती हो त्यात, गूढ तेवढं काही नव्हतं!

रदों पुष्कळदा आधी ट्रान्सफर कागदावर काढायचा, ते शिळेवर उतरवायचा आणि मग काळं खरवडून आतला उजेड बाहेर आणायचा. एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन लेखकाला अर्पण केलेल्या 1882 च्या संचातलं पहिलं चित्र बघा. बलूनच्या जागी वर वळलेला अवाढव्य डोळा, खाली थाळीत मुंडकं, त्याखाली पसरलेलं पाणी. पोच्या कुठल्या कथेतला हा प्रसंग नाही, चित्राखालची ओळही रदोंचीच. डोळ्याच्या कडेचे ते बारीक केस निरखा. आर्माँ क्लावो या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्रानं त्याला सूक्ष्मदर्शकातली दुनिया दाखवली होती. क्लावो गेल्यावर 1891 मध्ये रदोंनं त्याच्या स्मरणार्थ सहा शिळाछापांचा संच काढला. हे सगळं फासलेल्या शाईतून आलं म्हणता?

तुम्ही कधी शिळेला हात लावलाय का? प्रश्न उद्धट वाटला तर वाटू दे. आणि पुढच्या वेळी नाव घालून लिहा, मीही माझ्या नावानंच लिहिते.