१९ फेब्रुवारी १६३० : ‘त्या दिवशी तर मंगळवार होता’ या दाव्याला उत्तर

शिवजयंती जवळ आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: जेधे शकावली (शिवकालातल्या घटनांची सालवार जुनी नोंद) सांगते की शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवारी झाला, पण संगणकावर १९ फेब्रुवारी १६३० काढली तर मंगळवार निघतो. शके १५५१ मध्ये ७८ मिळवले तर १६२९ येतात, १६३० नाही. तारीख बदलून देणारं अ‍ॅप तिसरंच काहीतरी, २२ फेब्रुवारी, दाखवतं. आणि १६२७ची जी तारीख पूर्वी सांगितली जायची, ती याच तिथीची दुसऱ्या पद्धतीने काढलेली तारीख आहे. सबब खरी जन्मतारीख कुणालाच माहीत नाही, २००१ साली सरकारने मनाला येईल ती ठरवून टाकली.

हे वाचून अनेक चांगल्या माणसांच्या मनात शंका येते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी वाराचं बघू, कारण सगळ्या मजकुराचा जोर त्यावरच आहे. संगणक मंगळवार दाखवतो हे खरं आहे. पण तो कुठल्या १९ फेब्रुवारीचा वार दाखवतो? आज जगभर चालतं ते ग्रेगोरियन कॅलेंडर. ते १५८२ साली सुरू झालं. त्या वर्षी गुरुवार ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर धरला. तारखा दहा उडाल्या, वार मात्र अखंड चालत राहिले. इंग्लंडने हा बदल थेट १७५२ साली स्वीकारला. तोपर्यंत इंग्रज जुनं ज्युलियन कॅलेंडरच वापरत होते. आपल्या जंत्र्यांमध्ये आणि इतिहासाच्या पुस्तकांत शिवकालातल्या तारखा या जुन्या पद्धतीनेच देतात. १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख आहे. ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च १६३० होतो.

आता १ मार्च १६३०चा वार काढा. संगणक नको असेल तर दुसरी वाट आहे. ग्रेगोरियन कॅलेंडरच्या ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस असतात आणि या संख्येला ७ ने पूर्ण भाग जातो, म्हणजे ४०० वर्षांनी वार जसेच्या तसे परत येतात. मोबाइलवर १ मार्च २०३० उघडा. शुक्रवार आहे. शकावलीतला शुक्रवार हाच.

ही सोय फक्त जन्मतारखेपुरती करून घेतली आहे असं कुणाला वाटत असेल तर महानिर्वाणाची तारीख तपासा. चैत्र शुद्ध १५ शके १६०२, शनिवार, म्हणजे ३ एप्रिल १६८०. संगणक त्या तारखेला बुधवार म्हणेल. दहा दिवस पुढे जा, १३ एप्रिलला शनिवार मिळतो. हाच नियम इथेही लागू पडतो.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. १६३० साली गोव्यातले पोर्तुगीज नवं कॅलेंडर वापरत होते आणि सुरतेच्या वखारीतले इंग्रज जुनं. त्यातून इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. म्हणजे महाराज जन्मले त्या दिवशी गोव्यातला कारकून १ मार्च १६३० लिहिणार आणि सुरतेतला १९ फेब्रुवारी १६२९. एकाच किनाऱ्यावर एकाच दिवशी तारीख वेगळी, महिना वेगळा, सालही वेगळं, आणि दोघांचंही बरोबर. मुसलमानी कालगणनेत तेव्हा हिजरी १०३९चा रजब महिना चालू होता आणि दख्खनी दफ्तरांत चालणाऱ्या शुहूर सन या कालगणनेत सलासीन अलफ, म्हणजे १०३०. जुना कागद हातात घेणाऱ्याला हे सगळं डोक्यात ठेवूनच बसावं लागतं. अशा वेळी वार हा सर्वात भरवशाचा साक्षीदार असतो, कारण तो कुठल्याच कालगणनेत तुटत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने जो वार तारखेविरुद्ध वापरला, तोच तारीख पक्की करतो.

शके अधिक ७८ हा मुद्दा दोन ओळींत मिटतो. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारी लागला की शक बदलेपर्यंत ७९. फाल्गुन वर्षाच्या शेवटी येतो. १५५१ अधिक ७९, १६३०.

अ‍ॅपवाल्या २२ फेब्रुवारीकडे मात्र नीट बघायला हवं, कारण ही चूक शिकलेली माणसंही करतात. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून एक राष्ट्रीय सौर कॅलेंडर लागू केलं. त्यातही शकच आहे आणि महिन्यांची नावंही चैत्र, वैशाख अशीच आहेत, पण ते चंद्रावर चालत नाही. त्यात शुद्ध-वद्य नाही, तिथी नाही. त्यातला फाल्गुन दरवर्षी २० फेब्रुवारीला लागतो. अ‍ॅपमध्ये ‘फाल्गुन ३, शके १५५१’ टाकलं की ते या सरकारी फाल्गुनाचा तिसरा दिवस काढतं, २२ फेब्रुवारी. शकावलीत आहे फाल्गुन वद्य तृतीया, पौर्णिमेनंतरची तिसरी तिथी. ‘वद्य’ हा शब्द गाळला तिथेच गणित चुकलं. ज्या पद्धतीचा जन्म १९५७चा, तिने १६३०चा कागद वाचायचा नसतो.

महिन्याबद्दलही एक शंका कधीकधी काढतात. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे आपला फाल्गुन वद्य पक्ष त्यांच्याकडे चैत्रात मोजला जातो. जोधपूरला मिळालेल्या महाराजांच्या कुंडलीत विक्रम संवत १६८६, फाल्गुन वदि ३, शुक्रवार असं आहे. १५५१ मध्ये १३५ मिळवा, संवत १६८६ बरोबर जुळतो. पण हा फाल्गुन उत्तरेच्या रीतीने वाचला तर दिवस महिनाभर अलीकडे जातो, आणि तिथे शुक्रवार बसत नाही. इथेही निकाल वारानेच लावला.

खरी बारीक अडचण कुठे असेल तर ती दिवस कधी सुरू होतो यात आहे, आणि फिरणाऱ्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. आपला वार सूर्योदयापासून, हिजरीचा दिवस सूर्यास्तापासून, इंग्रजी तारीख मध्यरात्रीपासून. शिवभारत या संस्कृत काव्यात कवींद्र परमानंदाने जन्म ‘निशि’, म्हणजे रात्री झाल्याचं सांगितलंय. रात्रीचा जन्म मध्यरात्रीनंतरचा धरला तर इंग्रजी तारीख एका दिवसाने पुढे जाईल, तिथीचा वार मात्र शुक्रवारच राहील. जोधपूरच्या कुंडलीत सूर्योदयानंतर ३० घटका ९ पळे दिली आहेत. २४ मिनिटांची एक घटका, म्हणजे बारा तास आणि वर साडेतीन मिनिटं: दिवेलागणीची वेळ. त्यामुळे १९ फेब्रुवारीच राहते.

आता १६२७. उत्तरकालीन बखरींत वैशाख शुद्ध २, शके १५४९ असा जन्म दिलेला आहे, आणि त्याची तारीख ६ एप्रिल १६२७ सांगतात. ही आणि १६३०ची तारीख एकाच तिथीची दोन रूपं आहेत, हे विधान कुठल्याही हिशोबाने टिकत नाही. कालगणनेच्या फरकाने दिवस हलतो तो किती? दिवसाच्या सुरुवातीमुळे एक दिवस, ज्युलियन-ग्रेगोरियनमुळे दहा दिवस, महिना मोजण्याच्या रीतीमुळे एक महिना, वर्षारंभामुळे एक साल. वैशाख शुद्धाचा फाल्गुन वद्य होणं आणि मधे जवळजवळ तीन वर्षं जाणं हे यातल्या कशानेच होत नाही. हा भेद साधनांमधला आहे. एका बाजूला नंतरच्या काळात लिहिलेल्या बखरी. दुसऱ्या बाजूला लोकमान्य टिळकांनी १९१६ साली उजेडात आणलेली जेधे शकावली, महाराजांच्या पदरी असलेल्या परमानंदाचं शिवभारत, आणि दूर मारवाडातली, म्हणजे जोधपूरची, कुंडली. ही तिन्ही साधनं वेगवेगळ्या ठिकाणी सापडली आणि तिन्ही एकाच तिथीवर येतात.

आकड्यात हस्तदोष झाला असेल, १५४९चं १५५१ झालं असेल, असंही म्हणता येत नाही. परमानंदाने साल शब्दांत घातलंय: भू, बाण, प्राण, चंद्र. एक, पाच, पाच, एक. असे शब्दांक उजवीकडून डावीकडे वाचायचे असतात, पण हे कुठूनही वाचा, १५५१च येतं. शिवाय शिवभारत आणि शकावली दोन्हींत संवत्सराचं, म्हणजे त्या वर्षाचं, नाव आहे, शुक्ल. साठ संवत्सरांच्या चक्रात शके १५४९ हा प्रभव, १५५० विभव आणि १५५१ शुक्ल.